दोन क्लिकचा बाण

गेल्या सुट्टीत पुण्याला आलो होतो तेव्हाची गोष्ट. नारायण पेठेत माझ्या एका वर्गमित्राचं डीटीपीचं ऑफिस आहे. तीन संगणक, एक दमलेला प्रिंटर, कोपऱ्यात जुन्या बटरप्रिंटांचे गठ्ठे आणि दर अर्ध्या तासानं येणारा चहा. मी गप्पा हाणत बसलो होतो आणि शेजारी त्याचा ऑपरेटर एका फवारणी पंपाचं मराठी माहितीपत्रक लावत होता. मधोमध पंपाचं चित्र, चित्रातून बाहेर आलेल्या सात-आठ रेघा आणि त्यांच्या टोकाशी 'नोझल', 'टाकी', 'झडप' वगैरे नावं. पोरगा मान वळवून म्हणाला, "सर, रेघांना बाण कुठला लावू? यात अकरा प्रकार आहेत."

मित्र फोन कानाला लावूनच म्हणाला, "लाव रे कुठलाही. चांगला दिसेल तो लाव. दोन क्लिकचं काम, त्यात विचारायचं काय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. माझं भांडण मित्राशी नाही (त्याचा चहा प्यायलोय), पण त्या वाक्याशी आहे. आणि हे भांडण जुनं आहे. 'दोन क्लिकचं काम' या समजुतीपायी मी इथं आखातात एका माणसाची नोकरी गेलेली पाहिली आहे, आणि त्या पापात माझाही वाटा आहे. म्हणून आज थोडं कडक लिहिणार आहे. ज्यांना बाण या विषयावर एवढं लिहिण्यासारखं काय असतं असा प्रश्न पडला असेल त्यांनी तर जरूर वाचावं.

आधी ते दोन क्लिक कुठले ते सांगतो. इनडिझाइन उघडा. लाइन टूल घ्या, रेघ ओढा. मग स्ट्रोकचं पॅनेल उघडा. तिथं रेघेची जाडी असते, टोकं गोल की चौकोनी ते असतं, तुटक रेघ हवी असेल तर ती सोय असते आणि खाली 'स्टार्ट' आणि 'एंड' असे दोन रकाने असतात. त्यात यादी असते: साधा बाण, रुंद साधा, त्रिकोण, रुंद त्रिकोण, काटेरी, वक्र, पोकळ गोल, भरीव गोल, पोकळ चौकोन, भरीव चौकोन आणि आडवी दांडी. मोजा, अकरा. निवडा, झालं.

आता यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, बाण कुठं ठेवलाय? जाडीच्या आणि तुटक रेघेच्या शेजारी. म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी बाण हा रेघेचा दागिना आहे. साडीला काठ तसा रेघेला बाण. दुसरी गोष्ट, 'स्टार्ट' म्हणजे कुठलं टोक? तर तुम्ही माउस जिथून ओढायला सुरुवात केली ते. डावीकडून उजवीकडे ओढली तर एक, उजवीकडून डावीकडे ओढली तर नेमकं उलट. पडद्यावर दोन्ही रेघा हुबेहूब सारख्या दिसतात. दहा रेघा एकदम निवडून सगळ्यांना 'एंड'ला त्रिकोण दिला की आठ बाण नीट येतात आणि दोन उफराटे. ऑपरेटर कोण, कुठल्या हाताचा, रेघ ओढताना त्याचा मूड काय होता, यावर बाणाची दिशा ठरते. आता बोला!

आणि हे तर बरेच सुधारलेले दिवस आहेत. माझ्या वयाच्या मंडळींना पेजमेकर आठवत असेल. अल्डस कंपनीनं १९८५ साली तो मॅकिंटॉशवर आणला आणि डेस्कटॉप पब्लिशिंग नावाचा धंदाच जन्माला घातला. १९९४ साली अल्डस अडोबीच्या पोटात गेली, २००१ मध्ये पेजमेकरची सातवी आणि शेवटची आवृत्ती आली आणि २००४ मध्ये त्याचं काम थांबवलं गेलं. आपल्याकडे मात्र तो त्यानंतरही अनेक वर्षं ठणठणीत होता, कारण आपले सगळे मराठी फाँट त्यात बसलेले होते. तर या पेजमेकरमध्ये रेघ होती, पण रेघेला बाणाचं टोक लावायची सोयच नव्हती! पानं लावायच्या सॉफ्टवेअरला बाण कशाला हवा, असं बहुधा वाटलं असावं.

मग आपण काय करायचो? जुगाड. रेघ ओढायची आणि तिच्या टोकाशी विंगडिंग्ज किंवा झाफ डिंगबॅट्स या फाँटातलं बाणाचं अक्षर चिकटवायचं. दिसायला झकास. पण तो बाण नव्हे, ते अक्षर. ज्या संगणकावर तो फाँट नाही, किंवा फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना फाँट बदलला, तिथं काय व्हायचं? श्रीलिपीत लावलेला मजकूर श्रीलिपी नसलेल्या संगणकावर उघडून पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. 'महाराष्ट्र शासन'च्या जागी जसा रोमन अक्षरांचा आणि टिंबांचा चिवडा यायचा, तसं बाणाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं एक रोमन 'ए' येऊन बसायचं. फरक एवढाच की मजकुराचा चिवडा झाला की कोणीही ओरडतं. रेघेच्या टोकाला एक भुरटं 'ए' आलं तर कोणाचं लक्षही जात नाही. रेघ उरते, दिशा जाते.

आता ती माझी गोष्ट.

२००८ साल. इथल्या एका प्रकल्पावर आम्ही खाऱ्या पाण्यासाठी पंप बसवत होतो. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर. पंपांबरोबर देखभालीचं पुस्तक द्यायचं होतं, इंग्रजी आणि अरबी दोन्ही भाषांत. इंग्रजी पुस्तक तयार होतं. त्यावरून अरबी पुस्तक लावायचं काम एका बाहेरच्या कचेरीला दिलं. नावं घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. प्रूफ तपासायला माझ्याकडे आलं.

अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे अरबी पुस्तकात पानाची मांडणीच आरशात पाहिल्यासारखी होते. बांधणी उजव्या हाताला, स्तंभ उजवीकडून सुरू, चित्रं आणि मजकूर यांच्या जागांची अदलाबदल. हे अगदी बरोबर आहे. पण लावणाऱ्यानं काय केलं, तर पानाबरोबर चित्रंही आरशात घातली. सगळी निवडायची, आडवी उलटायची, दोन क्लिक. मग नावांचे रकाने तेवढे अरबीत नव्यानं लावले. चित्र सुबक दिसत होतं.

त्या चित्रांत एक चित्र पंपाच्या फिरण्याच्या दिशेचं होतं. आमचे पंप कपलिंगच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात. उलटलेल्या चित्रात बाण उलट्या दिशेनं फिरत होता. 'मग चित्र चुकलेलं दिसलं कसं नाही?' असं तुम्ही विचाराल. तर या प्रकारच्या पंपाचं पाणी बाहेर पडायचं तोंड बरोबर मधोमध, वरच्या बाजूला असतं. उलटा केला तरी पंप जसाच्या तसाच दिसतो. बदलतो तो फक्त बाण.

मी प्रूफ पाहिलं. चित्रांचे क्रमांक पाहिले, नट-बोल्टचे आकडे पाहिले, कंपनीचं बोधचिन्ह पाहिलं. खाली सही केली. ती सही माझी आहे.

आता जरा पंपाचं शास्त्र सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. थ्री फेज मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. म्हणून मोटर जोडली की आधी कपलिंग सोडून, पंपाशिवाय नुसती मोटर क्षणभर चालवून बघायची, दिशा बरोबर आहे ना. बरोबर असेल तरच कपलिंग जोडायचं. ही खबरदारी एवढी का? कारण या पंपांचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी फेकणारं चाक, शाफ्टवर आट्यांनी बसवलेलं असतं. नीट फिरला तर आटे आवळत जातात. उलटा फिरवला तर चाक शाफ्टवरून सुटत पुढं येतं आणि समोरच्या केसिंगवर आदळतं. पाण्यात उलटा फिरलेला पंखा नुसता कमी वारा देईल तसला हा मामला नाही. पंपाचा चुरा होतो.

आमचा इलेक्ट्रिशियन शहाणा माणूस होता. बारा वर्षं आखातात काढलेली. अरबी तो वाचू शकत नव्हता, इंग्रजी जेमतेम. साइटवरची बहुतेक मंडळी तशीच. केरळचे, बांगलादेशचे, पाकिस्तानचे, फिलिपिन्सचे, नेपाळचे. या सगळ्यांच्यात समान अशी एकच लिपी असते, ती म्हणजे चित्र आणि त्यावरचा बाण. त्याच्या हातात जी प्रत आली ती अरबी होती. त्यानं नियमाप्रमाणे कपलिंग सोडलं, मोटर क्षणभर चालवली, दिशा पाहिली, पुस्तकातल्या बाणाशी ताडून पाहिली. जुळली नाही. म्हणून त्यानं दोन वायरी बदलल्या, परत चालवून पाहिलं, आता जुळली. कपलिंग जोडलं, पंप सुरू केला.

म्हणजे बघा, पहिल्या वेळी मोटर बरोबरच फिरत होती. त्यानं पुस्तकावर विश्वास ठेवून बरोबर असलेलं काम चूक केलं. पंपाच्या अंगावर ओतीव बाण असतो, पण खाऱ्या हवेमुळे चढवलेल्या रंगाच्या थरांखाली तो बुजून गेला होता.

पंप गेला. सुदैवानं जवळ कोणी नव्हतं. चौकशी झाली. अहवालात कारण लिहिलं गेलं: चुकीची वायरिंग. ते शब्दशः खरंच होतं! इथं परदेशी कामगाराचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की मुक्काम संपला. आठवड्याभरात तो विमानात बसला. त्यानंतर महिन्यानं मी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी वर लेखी कळवलं. पुस्तक परत छापलं. माणूस परत आला नाही.

असो. ही गोष्ट सांगितली की लोक हळहळतात आणि म्हणतात, "अरेरे, ते लावणाऱ्यानं लक्ष द्यायला हवं होतं." हेच मला पटत नाही. लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं कशाकडे? त्याच्यापुढे पडद्यावर जो बाण होता तो जाडी आणि रंगासारखाच एक दागिना होता. त्या बाणाचा अर्थ काय, हे त्याला सॉफ्टवेअरनं सांगितलं नाही, आमच्या कंपनीनं सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बाणांना अर्थ असतो आणि तो वेगवेगळा असतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या तासाला आपल्याकडून बाण घोटून घेतात. लांबी रुंदीच्या तिप्पट, भरीव, टोक रेषेला टेकलेलं पण रेषेच्या पलीकडे गेलेलं नाही. तेव्हा आम्ही कुरकुरायचो की हा काय छळ. पण त्या शिक्षकांना एक गोष्ट ठाऊक होती, ती डीटीपीच्या पॅनेलला ठाऊक नाही. आंतरराष्ट्रीय ड्रॉइंगच्या संकेतांत नाव दाखवणारी रेघ वस्तूच्या कडेला टेकत असेल तर तिला बाण असतो, वस्तूच्या आत पृष्ठभागावर संपत असेल तर टिंब असतं. म्हणजे त्या अकरांच्या यादीतला 'त्रिकोण' आणि 'भरीव गोल' हे दोन शब्द आहेत, दोन डिझाइनं नव्हेत. 'चांगला दिसेल तो लाव' म्हणजे वाक्यात 'वर' आणि 'आत' यांपैकी जो शब्द सुबक दिसेल तो लिही, असं सांगण्यासारखं आहे.

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचे चित्रांसंबंधीचे नियम आहेत. त्यात बाणांसाठी वेगळं कलम आहे. नावाच्या रेघेचा बाण कशालाही न टेकता मोकळा राहिला तर तो समोरचा अख्खा भाग दाखवतो. तोच बाण एखाद्या रेषेला टेकला तर त्या दिशेनं पाहताना दिसणारा त्या रेषेचा पृष्ठभाग दाखवतो. आणि तिसरा बाण हालचालीची दिशा दाखवतो. टेकला आणि न टेकला यांच्यात केसभर अंतर. त्या केसभर अंतरानं शोध कशाचा आहे याचा अर्थ बदलतो, म्हणून वकील त्यावर भांडतात.

आणि बाण हा काही आदिमानवापासून चालत आलेला संकेत नाही. शिकारीचा बाण प्राचीन आहे, पण दिशा दाखवणारी बाणाची खूण तुलनेनं अलीकडची. बेलिडोर नावाच्या फ्रेंच इंजिनिअरचा पाण्याच्या यंत्रांवरचा मोठा ग्रंथ १७३७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. पाणी कुठून कुठं वाहतं आणि पाणचक्की कुठं फिरते, हे त्यातल्या चित्रांत बाणांनी दाखवलंय. सुरुवातीच्या ठळक उदाहरणांत त्याचं नाव घेतलं जातं. बघा, पाणी आणि फिरणारं चाक! पावणेतीनशे वर्षांनी मी त्याच दोन गोष्टींवर आपटलो.

'अहो, पण सॉफ्टवेअरवाल्यांना हे कसं कळावं?' कळू शकतं. कळलेलंही आहे. बेल लॅब्जमध्ये ब्रायन कर्निघननं आकृत्या काढण्यासाठी 'पिक' नावाची छोटी भाषा केली. त्यात चौकट, वर्तुळ, रेघ यांच्या पंगतीला बाण हा स्वतंत्र शब्द आहे. बाण हवा तर 'बाण' लिहायचं, 'रेघ काढ आणि तिला शिंग लाव' असं नाही. मूळ लेटेकमध्ये बाणाला चढ-उताराच्या ठरावीकच दिशा घेता यायच्या, उणे चार ते अधिक चार या पूर्णांकांतून. आम्ही शिव्या घालायचो, पण तिथंही बाण ही रेघेपासून वेगळी वस्तू होती. फ्रेममेकरमध्ये, जो तांत्रिक पुस्तकांसाठीच वापरला जातो, बाणाच्या टोकाचा कोन, बुडाचा कोन आणि लांबी आकड्यांत भरता येते. म्हणजे ज्यांना पुस्तकं यंत्रापाशी उघडली जातात हे माहीत होतं, त्यांनी विचार केला.

बाकीच्यांनी किती वर्षं घेतली ते पाहा. इलस्ट्रेटरमध्ये बाण आधी एक 'इफेक्ट' होता. २०१० साली सीएस ५ मध्ये तो स्ट्रोकच्या पॅनेलमध्ये आला आणि टोक लहानमोठं करता येऊ लागलं. त्याच घरातल्या इनडिझाइनमध्ये टोकाचा आकार रेघेच्या जाडीला बांधलेला होता, तो सुटायला सीसी २०१७ ही आवृत्ती यावी लागली. तोवर काय? बारीक रेघेचा बाण मुंगीच्या नांगीएवढा. तो दिसावा म्हणून रेघ जाड करायची, जाड रेघेनं खालचं चित्र झाकायचं. किंवा परत जुगाड: बारीक रेघ, तिच्या टोकाला जाड रेघेचा छोटा तुकडा आणि त्या तुकड्याला बाण. दोन्ही एकत्र बांधायला विसरलात की पान सरकवताना मुंडकं एकीकडे, धड एकीकडे.

आता उलटवण्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझं घर त्यात जळलंय. बाण दोन जातींचे असतात. एक वाचनाचा बाण: 'आधी हे करा, मग ते करा', 'पुढच्या पानावर पाहा'. हा भाषेबरोबर फिरला पाहिजे. अरबीत पुढचं पान डावीकडे असतं, तर बाणही डावीकडे हवा. दुसरा वस्तूचा बाण: पाणी इकडून तिकडे जातं, चाक असं फिरतं, झडप अशी उघडते. हा कोणत्याही भाषेत फिरता कामा नये, कारण चाक भाषा पाहून फिरत नाही. युनिकोड करणाऱ्यांनी यावर विचार केलेला दिसतो. उजवीकडून डावीकडच्या मजकुरात कंस आपोआप उलटतात, पण साधे बाण उलटत नाहीत. 'उजवा बाण' म्हणजे उजवाच. संगणक दिशेचा अंदाज बांधणार नाही, ते माणसानं ठरवावं. पान लावायच्या सॉफ्टवेअरनं मात्र 'उलटव' या एका आज्ञेत दोन्ही जाती एकाच वेठीला धरल्या.

"पण आपल्याला याचं काय? मराठी तर डावीकडूनच वाचतात." खरंय. आपली चित्रं आरशात जात नाहीत. आपल्याकडे बाण वेगळ्या रीतीनं मरतात. इंग्रजी 'व्हॉल्व्ह' एका बारक्या रकान्यात बसतो, त्याचं मराठी 'दाब कमी-जास्त करण्याची झडप' होतं. रकाना मोठा झाला, जागा पुरेना, ऑपरेटर रकाना खाली ओढतो. रकान्याबरोबर निवडलेली रेघही ओढली जाते आणि बाणाचं टोक झडपेवरून घसरून शेजारच्या नटावर जाऊन बसतं. प्रूफ वाचणारे गुरुजी ऱ्हस्व-दीर्घ तपासतात. टोक कोणी तपासत नाही. आणि जुन्या पेजमेकरच्या फायली आता युनिकोडमध्ये आणायचं काम जोरात आहे, कारण इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सीएस ६ पासून देवनागरी नीट बसू लागली. मजकूर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला फाँटातला बाण आणि अक्षर यांतला फरक कळत नाही. मजकूर वाचला की तपासणारा खूश. बाण गेले ते गेलेच.

आता मित्राची बाजूही मांडतो, कारण तो माणूस बरोबर आहे आणि तरी चूक आहे. तो म्हणाला, "तुला पानामागे काय मिळतं ठाऊक आहे का? एकेका बाणाचा अर्थ विचारत बसलो तर ऑफिसला कुलूप." मान्य. पण मग ते विचारायचं काम गिऱ्हाइकाचं आहे, म्हणजे आम्हा इंजिनिअरांचं. चित्र देताना आम्ही नुसतं चित्र देतो. कुठला बाण प्रवाहाचा, कुठला फिरण्याचा, कुठला नावाचा, हे लिहून देत नाही. आणि मग पुस्तक चुकलं की 'डीटीपीवाल्याची चूक' म्हणून मोकळे. हा आमचा नादानपणा आहे, आणि पगार मात्र आमचा त्याच्यापेक्षा जास्त आहे.

दुसरा आक्षेप माझ्या पुतण्याचा. "काका, आता पुस्तक कोण वाचतं? क्यूआर कोड स्कॅन करायचा, व्हिडिओ बघायचा." बाबा रे, पंपाच्या खोलीत तळघरात रेंज नसते. हातमोजे घातलेल्या हातानं फोन चालत नाही. आणि कपाळावरचा घाम डोळ्यात जात असताना माणूस तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहत नाही, भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरचा बाण पाहतो. शिवाय व्हिडिओ सेल्फीसारखा उलटा निघाला तर? तीच रड.

मग करायचं काय? फार नाही. इनडिझाइनमध्ये ऑब्जेक्ट स्टाइल नावाची सोय आहे, २००५ पासून आहे. चार स्टाइल करा आणि त्यांना दिसण्यावरून नाही, अर्थावरून नावं द्या: 'प्रवाह', 'फिरणे', 'नाव-कड', 'नाव-पृष्ठभाग'. स्ट्रोकच्या पॅनेलमधली ती यादी परत उघडूच नका. फाँटातला बाण चित्रावर कधीही चिकटवू नका. रेघ नेहमी नावाकडून वस्तूकडे ओढा, म्हणजे 'एंड' कायम वस्तूपाशी राहील. चित्र उलटवायची वेळ आलीच तर आधी 'फिरणे' आणि 'प्रवाह' या दोन स्टाइलचे बाण शोधा आणि ज्यानं यंत्र हातानं उघडलंय अशा माणसाला दाखवा. मराठी प्रुफावर शुद्धलेखन झाल्यावर एक फेरी फक्त बाणांची करा, एक शब्दही न वाचता. आठ बाण तपासायला दोन मिनिटं लागतात. मी वेळ लावून पाहिलंय.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या काकांचा फाउंड्रीचा छोटा कारखाना होता. पंपाच्या केसिंगचा लाकडी पॅटर्न आला की काका आधी त्याच्यावरचा बाण पाहायचे, मग कंपनीचं नाव. एकदा मी विचारलं, "नाव आधी का नाही बघत?" तर म्हणाले, "नाव चुकलं तर गिऱ्हाईक बोंबलंल. बाण चुकला तर ते बी नाही, थेट पंपच बोंबलंल." काका सातवी शिकलेले. मी इंजिनिअर होऊन, समुद्र ओलांडून, त्या प्रुफावर आधी बोधचिन्ह तपासलं.

जाता जाता: त्या दिवशी नारायण पेठेत मी ऑपरेटरशेजारी खुर्ची ओढून बसलो आणि प्रत्येक रेघ काय सांगते ते त्याला विचारलं. सातव्या रेघेपाशी तो थबकला. म्हणाला, "सर, हे नाव नाही. हा नॉब कुठं फिरवायचा ते आहे, आणि मी इथं गोल टिंब दिलंय." त्याचं त्यालाच सापडलं. मग त्यानं कंपनीला फोन लावून नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा ते विचारून घेतलं. पलीकडच्या माणसाला पटकन सांगता येईना. "थांबा, पंपापाशी जाऊन बघून सांगतो," म्हणाला.

तेवढंच हवं होतं. कोणीतरी उठून पंपापाशी जाऊन बघायला.

तूर्तास इतकंच. तुमच्या घरातल्या कुकरच्या, मिक्सरच्या, पिठाच्या गिरणीच्या पुस्तकातले बाण आज एकदा बघा.